घरी आणलेला सिनेमा: कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि आता आलेल्या नव्या प्रती

माळ्यावरची

दिवाळीच्या आवराआवरीत काल माळ्यावरून चपलांचा एक खोका खाली आला आणि त्यातून एका मराठी नाटकाचा व्हीसीडी संच निघाला. बाबांनी तो २००३ साली आणला होता. व्हीसीडीच्या एका तबकडीवर ७४ ते ८० मिनिटांचेच चित्रण मावत असल्यामुळे अडीच तासांचे नाटक दोन तबकड्यांवर विभागलेले होते आणि त्या विभागणीचा नाटकाच्या मध्यंतराशी काही संबंध नव्हता. नायिका दार उघडायला निघते आणि तिथेच पहिली तबकडी संपते. पुढे दुसरी तबकडी कोणीतरी नेली ती परत आलीच नाही, त्यामुळे आमच्या घरात ते दार कित्येक वर्षे उघडलेले नाही. पहिल्या तबकडीवर एक ओरखडा आहे. तिथे चित्राचे चौकोन-चौकोन होऊन ते थांबायचे आणि पुन्हा सुरू होईपर्यंत त्या पात्राचे वाक्य आई स्वतः म्हणायची.

जुने चित्रपट आणि मालिका आता स्वच्छ करून नव्याने मिळू लागल्या आहेत. तुमच्या घरी आलेल्या जुन्या-नव्या प्रतींचे अनुभव वाचायला मला मनापासून आवडतील.

रानवारा

गणेशोत्सवात आमच्या आळीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीच्या भाड्याने यायचे, म्हणून एका रात्रीत तीन कॅसेट संपवाव्या लागत. पडद्याच्या खालच्या कडेने अगरबत्तीच्या आणि साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती सरकत जायच्या. माझ्या धाकट्या बहिणीने ठरवून टाकले होते की ते साड्यांचे दुकान नायकाचेच आहे, आणि नोकरी मिळत नाही म्हणून तो हताश झाला तेव्हा तिने कळवळून विचारले, "मग हा दुकानात का बसत नाही?" आळीतले सगळे हसले, पण मला तिचा प्रश्न आजही रास्त वाटतो. चित्रपटावर असे काही चिकटवले की नवख्या प्रेक्षकाला ते कथेचाच भाग वाटणार.

चाफेकळी

कोकणातल्या पावसाने आमच्या निम्म्या कॅसेट खाल्ल्या. श्रावणापर्यंत फितीवर पांढरी बुरशी धरायची, आणि तशी कॅसेट लावली की व्हीसीआरचे हेडही खराब होऊन पुढच्या चांगल्या कॅसेटवरसुद्धा मुंग्या दिसायच्या. माझ्या मामांनी कपाटात पिवळा दिवा लावून ठेवला होता आणि मामी म्हणायच्या, की घरात बाळंतिणीलासुद्धा एवढा शेक मिळाला नव्हता. त्या कपाटातली माझ्या मावशीच्या लग्नाची कॅसेट मात्र वाचली, आणि त्यासाठी मी मामांची कायमची ऋणी आहे.

दूरदेशी

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्या वर्षी आईने पुण्याहून नाटकांच्या सहा कॅसेट चिवड्यासोबत पाठवल्या. भारतातल्या कॅसेट पाल या टीव्हीच्या चित्रपद्धतीच्या आणि इथली यंत्रे एनटीएससी या दुसऱ्याच पद्धतीची असल्यामुळे पडद्यावर फक्त पट्टे धावत राहिले, आणि त्या रात्री आम्ही नुसता चिवडा खाल्ला. पुढे पाच कुटुंबांनी वर्गणी काढून दोन्ही पद्धतींच्या कॅसेट चालवणारा व्हीसीआर घेतला. तो ज्या घरी असेल त्या घरी शनिवारी सगळ्यांचे जेवण असायचे, त्यामुळे आमचे इथले मराठी मंडळ त्या यंत्राभोवतीच उभे राहिले, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

पेटीवाला

पालचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चित्रित होतो, पण पाल पद्धतीत तो २५ चौकटींच्या गतीने चालवत असत. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्याचा स्वरही चढतो. हा चढ अर्ध्या स्वराहून थोडा कमी असल्यामुळे सूर नेमका पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो. माझे वडील एका जुन्या चित्रपटातले पद डीव्हीडीवरून पेटीवर बसवायला गेले आणि दोन दिवस पेटीच बेसूर झाली आहे असे समजून तिला दोष देत राहिले. पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती सुरात असल्याची ग्वाही दिल्यावरच संशय डीव्हीडीवर गेला. नव्या ब्लू-रे प्रतींमध्ये बहुधा मूळ २४ चौकटींची गती ठेवलेली असते, आणि केवळ तेवढ्यासाठी मी त्यांचा पुरस्कार करतो.

टेहळणी

नव्या प्रतींबद्दल माझी एक कळकळीची तक्रार आहे. दूरदर्शनच्या काळातल्या मालिका ४:३ या जवळजवळ चौकोनी आकारात चित्रित झालेल्या होत्या. आजच्या रुंद टीव्हीचा पडदा भरावा म्हणून त्या आडव्या ताणतात, नाहीतर वरून-खालून कापतात. माझी ऐंशीच्या घरातली आजी अशी ताणलेली मालिका पाहून म्हणाली, "सगळी मंडळी किती सुटली आहेत, पूर्वी बरी काटक होती." दुसऱ्या एका प्रतीत चित्र कापल्यामुळे पेशव्यांची पगडी पडद्याबाहेर गेली होती. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर बिघडत नाही. कॅमेरामनने विचार करून जी चौकट धरली, ती पूर्ण दिसली पाहिजे.

मोगरा

टेहळणी, तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा. आमच्या आजोबांना ऐकू कमी येते आणि मराठी चित्रपटांच्या डीव्हीडीवर उपशीर्षके असलीच तर इंग्रजीत असत. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांसाठी माझा भाऊ ती वाचून त्यांचे मोठ्याने मराठी करायचा, म्हणजे मराठी संवाद इंग्रजीतून फिरून पुन्हा मराठीत यायचा. "तुला दृष्ट लागेल" हे वाक्य या फेऱ्यातून "तुझ्याकडे वाईट डोळा आहे" होऊन बाहेर पडले आणि नायिकेच्या आईबद्दल आजोबांचे मत कायमचे कलुषित झाले. मराठी चित्रपटाला देवनागरीत मराठी उपशीर्षके हवीत, ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे करत राहणार आहे.

रानवारा

मोगरा, तुमच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

गावकूस

२००७ च्या सुमारास मोझर बेअर या तबकड्यांच्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या तालुक्याच्या बाजारात किराणा दुकानातही चित्रपट लटकू लागले. साबण, काड्यापेटी आणि एक विनोदी चित्रपट अशी यादी मी स्वतः नेलेली आहे. भाड्याऐवजी चित्रपट स्वतःच्या मालकीचा होणे ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती, आणि आईने त्या तबकड्यांना पुस्तकांसारखी खाकी कव्हरे घातली होती.

माळ्यावरची

सगळ्यांचे आभार. आमचा प्लेयर केव्हाच मोडीत गेला आहे, तेव्हा ही व्हीसीडी आता कशावर लावावी?

पेटीवाला

संगणकाला तबकडीचा ड्राइव्ह जोडून ती उघडा. "एमपीईजीएव्ही" नावाच्या फोल्डरमध्ये ".डीएटी" प्रकारची मोठी फाइल असेल, ती व्हीएलसी या चित्रफिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालते. चालली, तर आधी तिची प्रत काढून घ्या.

माळ्यावरची

फाइल चालली. आईला शेजारी बसवून पाहिले. ओरखड्याच्या जागी चित्र पूर्वीसारखेच थांबले आणि मी माउसकडे हात नेईपर्यंत आईने ते वाक्य म्हणूनही टाकले होते. ज्यांच्याकडे या नाटकाची दुसरी तबकडी असेल त्यांच्यासाठी नाटकाचे नाव निरोपातून कळवते.