अनुभव धागा: दोघांचं अंदमान, निवांत

होटगी_रोड: आपल्या सोलापूरच्या हिप्परग्याचा तलाव भरला की अंदमानच्या नील बेटाचं निळं पाणी आठवतंच. लग्नसराई उरकली, बरेच जोडीनं निघालेत, म्हणून धागा. माहीत आहे ते टाका. माझं एकच: सगळी बेटं करायला धावू नका. हॅवलॉक (स्वराज द्वीप) नि नील (शहीद द्वीप), बास. नीलला बहुतेक लोक सकाळी येऊन दुपारच्या बोटीनं परततात. तुम्ही दोन रात्री राहा, संध्याकाळी किनारा तुमचाच.

चादरवाला: सोलापूरहून चेन्नईला थेट गाडी, पुढं विमान सव्वादोन तास. गाडी नि विमान एकाच दिवशी जोडू नका, गाडी लेट झाली की तिकीट बुडालं. परतताना शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच (२०२४ पासून श्री विजयपुरम). समुद्र खवळला की बोट रद्द होते, विमान कुणासाठी थांबत नाही.

हुरडा_पार्टी: सूर्य विसरू नका हो! अंदमान आपल्यापेक्षा १७ अंश पूर्वेला, घड्याळ मात्र एकच. तासाभराहून जास्त फरक पडतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा तर साडेतीनलाच वाळूत बसा. चहा पिऊन निघू म्हणणारे अंधारात पोचतात.

काय_बे: कडक भाकरी न्यावी का?

हुरडा_पार्टी: न्या की. पण हवा दमट, उघडी राहिली की मऊ पडते. घट्ट झाकणाचा डबा घ्या. अख्खं सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत घालू नका, अडवतात.

सात_रस्ता: बोट लागत असेल तर खालच्या डेकवर मधोमध बसा, तिथं हेलकावा कमी. नजर क्षितिजावर, मोबाईलवर नाही. गोळी बोटीत बसायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. मे ते सप्टेंबर पावसाळी वारं, तेव्हा टाळाच.

मंगळवार_पेठ: स्नॉर्कलिंगचा (नळीनं श्वास घेत पाण्यात डोकावायचं) मास्क आधी पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकानं श्वास ओढा. चिकटून राहिला तर बसला. केस आत अडकला, किंवा पाण्यात हसलात, की फट पडून पाणी शिरतं. काच धुरकटते त्याला बेबी शॅम्पूचा थेंब चोळून हलकं विसळायचं.

काय_बे: आणि मिशी?

मंगळवार_पेठ: नाकाखालची वरची पट्टी भादरा. नाहीतर गळणारच. वहिनींना विचारून 😄

सात_रस्ता: स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी) करणार असाल तर सर्दीत नको, कान मोकळे होत नाहीत. उतरताना नाक दाबून हळू फुंकायचं, कान दुखायच्या आधीच. आणि डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. म्हणून स्कूबा सुरुवातीला, आराम शेवटी.

होटगी_रोड: नीलचा दगडी पूल (खडकाची नैसर्गिक कमान) बघायचा तर ओहोटीलाच. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, हॉटेलात विचारून निघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खोल, खडक जास्त उघडे पडतात. जाड तळव्याची सँडल हवी. प्रवाळ, मेलेलं असलं तरी, उचलायचं नाही. कायद्यानं बंदी आहे, विमानतळावर बॅगा तपासतात.

दाळे_गल्ली: लक्षद्वीपचं कुणी सांगेल का? आमच्या हिला गर्दीच नको.

चादरवाला: त्याला प्रवेश परवाना लागतो, तो आधी. विमान कोचीहून अगत्तीला. दारू बंगारम बेट सोडून कुठं नाही. मिशीवाल्यांनी वरचं वाचा.