महागड्या मद्याकडे वळणारा ग्राहक आणि आपला मका

प्रश्न (जालना): आमचा शेतकरी गट मका आणि ज्वारी पिकवतो. शहरी ग्राहक कमी प्रमाणात पण भारी मद्य घेऊ लागला आहे असे ऐकतो. त्यामुळे धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांची आमच्या मालाला असलेली मागणी वाढेल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): भारी मद्य म्हणजे धान्याला मागणी, असे सरळ गणित मांडू नका. सिंगल माल्ट व्हिस्की जवाच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून होते, त्यामुळे तिची लोकप्रियता मक्याच्या कामाची नाही. मात्र जिन आणि व्होडका यांना शुद्ध मद्यार्क लागतो, आणि तो धान्यापासूनही मिळतो. खरा बदल मधल्या किमतीत दिसतो. राज्याने जून २०२५ मध्ये कमी निर्मिती मूल्याच्या 'विदेशी मद्या'वरील, म्हणजे भारतातच बनणाऱ्या व्हिस्की, रम यांसारख्या मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिप्पटीवरून साडेचारपट केले आणि धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा प्रकार आणला, ज्याच्या १८० मिलीलिटर बाटलीची किमान किंमत १४८ रुपये ठरली. तेव्हा देशी मद्यासाठी ती ८० आणि या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये ठरली. विदेशी मद्य परवडेनासे झालेला ग्राहक या नव्या प्रकाराकडे वळला, तर तुमच्या धान्याला वाव आहे.

उत्तर (लातूर): पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉललाही मका लागतो, हे विसरू नका, दर ठरवण्यात मद्यापेक्षा त्याचाच हात मोठा असू शकतो. शिवाय स्वस्त दारूने मोडलेली घरे मी गावात पाहिली आहेत, म्हणून गटाने एकाच खरेदीदारावर विसंबण्यापूर्वी कुक्कुटखाद्याच्या व्यापाऱ्यांशीही बोलणी करावीत, असे मला मनापासून वाटते.