जहाज चालतं, रोकड संपते

रावेरच्या भाऊंनी विचारलंय, ज्या देशात क्रूझ जाणार तिथल्याच बँका बंद पडल्या तर भरलेले पैसे बुडतील का? केळीच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, बाजूला काढलेला पैसा, धाकधूक होणारच.

आमचा अनुभव ग्रीसचा. २९ जून २०१५ ला तिथल्या बँका बंद झाल्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच. आम्ही जळगावचे चौघं पुढच्याच आठवड्यात अथेन्सजवळच्या पायरियस बंदरातून जहाजात चढणार होतो. आईनं घाबरून डबाभर दशम्या बांधून दिल्या! जहाजावर मात्र काही जाणवलं नाही; जेवण आधीच भरलेलं, वरखर्च कार्डावर. ६० ची मर्यादा परदेशी कार्डांना नव्हती, पण मशीनच रिकामं असेल तर काय करता? वीसच्या नोटा संपल्यानं तिथल्या लोकांना कित्येकदा ५० वरच समाधान मानावं लागे. बंदरावरचा कॉफीवाला कार्ड बघून नुसती मान हलवायचा. घरून नेलेले सुटे युरो तिथे कामी आले.

मेख बुकिंगच्या अटींमध्ये असते. बंदर बदलायचा हक्क कंपनीकडे, बहुतेकदा फक्त बंदर शुल्क परत मिळतं. भीतीपोटी आपण रद्द केलं तर कापाकापी आपल्या माथी, आणि साधा प्रवास विमा भीतीचे पैसे देत नाही.

आणि भाऊ, उरलेला हप्ता डॉलरमध्ये असेल तर आपल्या रुपयाकडेही बघा. मे २०१३ च्या सुरुवातीला ५४ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या वर गेला होता.