आणीबाणी लावायला एक सही, उठवायला दोन तृतीयांश: अमेरिकेत दोष कुणाचा?

आडगावकर (धागाकर्ता)

५ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टॅरिफ प्रकरणाची, म्हणजे ट्रम्प यांनी आणीबाणीच्या अधिकारात लावलेल्या आयातशुल्काची, सुनावणी झाली. आपल्या वाहिन्यांनी ट्रम्प हरणार की जिंकणार एवढंच दळण दळलं. न्यायमूर्ती गोर्सच यांनी सरकारी वकिलांना विचारलेला प्रश्न मात्र कुणी फारसा उचलला नाही. काँग्रेसनं (तिथल्या संसदेनं) अध्यक्षाला एकदा अधिकार दिला, की परत घ्यायचा कसा? परत घेण्याचा कायदा सहीला जाणार अध्यक्षाकडेच. तो कशाला सही करेल? व्हेटो करणार, म्हणजे नकाराधिकार वापरणार, आणि व्हेटो उलटवायला प्रतिनिधिगृह आणि सिनेट अशा दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागणार. गोर्सच हे ट्रम्प यांनीच नेमलेले, म्हणून प्रश्न जास्त झोंबला असेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काँग्रेस आणि अध्यक्ष यांच्यातला तोल ट्रम्प यांनी बिघडवला हे फार तर अर्धं खरं. तो १९८३ साली न्यायालयानंच बिघडवला, आणि तोही वरून अगदी न्याय्य दिसणाऱ्या निकालानं.

जगदीश राय चढ्ढा. जन्म केनियात, आईवडील भारतीय, हातात ब्रिटिश पासपोर्ट. १९६६ मध्ये विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेला, १९७२ मध्ये व्हिसा संपला. केनिया त्याला आपला मानेना, ब्रिटन ताटकळत ठेवणार. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशानं त्याची हद्दपारी थांबवली. पण तेव्हाच्या कायद्यात एक कलम होतं: दोन्हींपैकी एका सभागृहानं ठराव केला तरी अशी सवलत रद्द. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहानं ३४० जणांच्या यादीतली सहा नावं उडवली, त्यात चढ्ढा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ विरुद्ध २ असा निकाल आला: काँग्रेसला कुणाचे हक्क किंवा कर्तव्यं बदलायची असतील तर दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी आणि ठराव अध्यक्षासमोर सहीला गेलाच पाहिजे. आडवाट नाही.

चढ्ढा वाचला, उत्तम झालं. पण विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती व्हाइट यांनी तिथंच बजावलं होतं की या एका निकालानं जवळजवळ दोनशे कायदेशीर तरतुदी निकामी होतात. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यातही अशीच तरतूद होती. मुळात दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमतानं ठराव केला की आणीबाणी संपली, सहीबिही काही नाही. १९८५ मध्ये तो कायदा निकालाशी जुळवून घेतला, सही आली, आणि सहीबरोबर व्हेटो आला.

२०१९ मध्ये त्याचा अनुभव आला. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले, ३५ दिवस सरकार बंद राहिलं, शेवटी काँग्रेसनं १.३७५ अब्ज दिले. १५ फेब्रुवारीला त्यांनी आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामाचा पैसा भिंतीकडे वळवायचं ठरवलं. प्रतिनिधिगृहानं ती २४५-१८२ मतांनी फेटाळली, सिनेटनं ५९-४१ नं. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे १२ जण फुटले. दुसऱ्याच दिवशी व्हेटो. उलटवण्याचा ठराव २४८-१८१ वर अडकला. दोन्ही सभागृहं एका बाजूला, एक माणूस दुसऱ्या बाजूला, आणि तो जिंकला. १९८२ साली हे झालं असतं का?

वकीलसाहेब ठाणे

असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात.

काँग्रेसच्या हातातून न्यायालयानं काही हिसकावून घेतलेलं नाही. अधिकार देतानाच मुदत घालायला तिला आजही कुणी अडवलेलं नाही. व्यापाराचंच घ्या. व्यापार करार झपाट्यानं मंजूर करून घेण्याची सोय काँग्रेसनं २०१५ मध्ये अध्यक्षाला दिली, ती मुदत घालून. १ जुलै २०२१ ला मुदत संपली, सोयही संपली. ना ठराव, ना व्हेटो, ना दोन तृतीयांश. आणीबाणीच्या कायद्यात हे करायला १९८५ मध्ये कुणी नको म्हटलं होतं?

दुसरं म्हणजे १९७६ च्या कायद्यात एक कलम आजही जिवंत आहे: प्रत्येक आणीबाणी चालू ठेवायची की नाही, यावर दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहांनी विचार करायचा. किती वेळा केला? काँग्रेसनं ते कलम दशकानुदशकं धूळ खात पाडलं. इराणच्या ओलीस प्रकरणी कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ ला जाहीर केलेली आणीबाणी आजही दरवर्षी नूतनीकरण होऊन चालूच आहे. १९७९ ते १९८३ तुमचं ते साध्या बहुमताचं हत्यार शाबूत होतं. नंतरची छत्तीस वर्षं निदान चर्चेला तरी कुणाची आडकाठी नव्हती. दोन्ही सभागृहांनी मिळून आणीबाणी संपवण्याचा ठराव पहिल्यांदा केला तो २०१९ मध्ये. आळशी माणसाच्या घरची चोरी झाली म्हणून कुलूपवाल्याला दोष देताय तुम्ही.

मृण्मयी

धागाकर्त्यांनी चढ्ढाची गोष्ट दोन ओळींत उरकली, म्हणून जरा थांबवते. १६ डिसेंबर १९७५ ला प्रतिनिधिगृहात नेमकं काय झालं? ठराव चार दिवस आधी मांडलेला. तो छापलेला नव्हता, मतदानाआधी सदस्यांच्या हातात प्रत नव्हती. चर्चा झाली नाही. कुणी कसं मत दिलं याची नोंदसुद्धा झाली नाही. न्यायाधीशानं पुरावे बघून, माणसाचं म्हणणं ऐकून दिलेला निर्णय असा आवाजी मतानं पुसला. हीच सहा नावं का, तर उपसमितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की यांना पुरेसा त्रास होणार नाही असं समितीला वाटलं.

गंमत म्हणजे न्यायालयात इमिग्रेशन खातं चढ्ढाच्याच बाजूचं निघालं! कलम घटनाबाह्य आहे हे खात्यालाच मान्य होतं, त्यामुळे काँग्रेसला स्वतःचे वकील उभे करावे लागले.

हे साधन काँग्रेसच्या हातात राहायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनी त्या यादीत आपलं नाव कल्पावं.

आडगावकर

मृण्मयी, त्या दिवसाबद्दल पूर्ण सहमत. म्हणूनच मला न्यायमूर्ती पॉवेल यांचं मत पटतं. तेही चढ्ढाच्याच बाजूनं होते, पण त्यांचं म्हणणं एवढंच की इथं काँग्रेसनं एका माणसाचा न्यायनिवाडा केला आणि ते काम न्यायालयांचं. तेवढ्यावर निकाल थांबवता आला असता. एका माणसाला देशाबाहेर काढणं आणि दोन्ही सभागृहांनी देशव्यापी आणीबाणी उठवणं यांना एकच माप कसं लावायचं? सरन्यायाधीश बर्गर यांनी लावलं.

वकीलसाहेब, आळस मान्य. पण मुदत घालणारं विधेयकसुद्धा सहीलाच जातं ना? २०१९ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी तेच आणलं होतं: काँग्रेसनं मंजूर केली नाही तर आणीबाणी ३० दिवसांत आपोआप रद्द. रिपब्लिकन माणूस, रिपब्लिकन सिनेट. कायदा झाला नाही. आणि झाला असता तरी अध्यक्षानं आपल्याच पायावर धोंडा का मारून घ्यावा?

खवचट

थोडक्यात, चढ्ढाच्या एका तिकिटावर दोनशे कलमं देशाबाहेर गेली.

जर्सीकर

मी इथं अमेरिकेत राहतो, म्हणून जमिनीवरचं सांगतो. तुम्ही दोघं १९८३ वर भांडताय, खरी गोम २०२५ मध्ये आहे.

फेब्रुवारीत ट्रम्प यांनी कॅनडा, मेक्सिको, चीनवर आणीबाणीच्या नावाखाली टॅरिफ लावले. आणीबाणी उठवण्याचा ठराव आला की १५ दिवसांत समितीनं तो सभागृहापुढे आणायचा, असं तोच १९७६ चा कायदा सांगतो. मग प्रतिनिधिगृहाच्या नेतृत्वानं काय केलं? मार्चमध्ये कामकाजाच्या नियमांत एक ओळ घातली, की या ठरावांपुरतं अधिवेशनाचे उरलेले दिवस हे 'दिवस' म्हणून मोजायचेच नाहीत. सूर्य उगवतोय, मावळतोय, खासदार भत्ते घेतायत, पण तारीख पुढे सरकत नाही. सप्टेंबरमध्ये हीच युक्ती जानेवारी २०२६ पर्यंत लांबवली.

तिकडे सिनेटनं एप्रिलमध्ये कॅनडाच्या टॅरिफविरुद्ध ५१-४८ नं ठराव केला. ऑक्टोबरअखेर ब्राझील, कॅनडा आणि एकूण जगावरचे टॅरिफ असे आणखी तीन. २०२५ मध्ये एकही प्रतिनिधिगृहात मताला आला नाही. व्हेटोची पाळीच येऊ दिली नाही! साध्या बहुमताचं जुनं हत्यार असतं तरी ते याच दारात अडलं असतं. प्रत्येक शाखा स्वतःचा अधिकार जिवापाड जपेल या गृहीतकावर मॅडिसन यांनी तीन शाखांची मांडणी केली. पक्ष आले आणि खासदार सभागृहापेक्षा अध्यक्षाला जपू लागले. यात न्यायालय काय करणार?

सराफकट्टा

तुमच्या तीन शाखांचं आम्हाला असं आहे की २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या मालावर ५० टक्के लागले, आणि त्यातला प्रत्येक टक्का याच आणीबाणीच्या अधिकारात. सीप्झमधला (मुंबईच्या निर्यात क्षेत्रातला) दागिन्यांचा माल बहुतेक अमेरिकेला जातो. दिवाळीआधी ऑर्डरी अडकल्या, कारागीर रोज विचारतात. तिथल्या खासदारांनी 'दिवस' मोजले असते तर बरं झालं असतं एवढंच म्हणतो.

चौकस

आपल्याकडे नेमकं उलटं आहे, हे कुणीच कसं लिहिलं नाही? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर राष्ट्रीय आणीबाणी चालू ठेवायला संसदेची दोन तृतीयांशवाली मंजुरी लागते, तीही दर सहा महिन्यांनी. आणि ती नामंजूर करायला? लोकसभेचं साधं बहुमत. मग राष्ट्रपतींना ती मागे घ्यावीच लागते. एक दशांश सदस्य खास बैठकीची मागणी करू शकतात. १९७५ चा चटका बसल्यावर शहाणपण आलं, पण आलं.

वकीलसाहेब ठाणे

चौकस, तुलना आकर्षक आहे पण गडबडीची. आपली कलम ३५२ ची आणीबाणी म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण, सशस्त्र बंड. त्यांच्याकडे एखाद्या देशाची खाती गोठवायची तरी 'राष्ट्रीय आणीबाणी' जाहीर करतात, म्हणून तर डझनावारी एकाच वेळी चालू असतात. शिवाय आपल्याकडे सरकारच लोकसभेच्या बहुमतावर उभं असतं. ज्या दिवशी साधं बहुमत विरोधात गेलं त्या दिवशी आणीबाणीच काय, मंत्रिमंडळही गेलं. ते कलम कागदावर मला आवडतं, पण व्हिप असताना ते वापरणार कोण?

आडगावकर, सही मिळत नाही हेही पूर्ण खरं नाही. कोव्हिडची आणीबाणी संपवण्याचा ठराव २०२३ मध्ये काँग्रेसनं केला, व्हाइट हाउसचा विरोध असूनही बायडेन यांनी १० एप्रिलला सही केली. व्हेटो केला असता तर राजकीय किंमत मोजावी लागली असती. ते दडपण हाच खरा अंकुश, आणि तो घटनेत लिहून येत नाही.

आडगावकर

ती आणीबाणी ११ मे ला संपवणार असं बायडेन सरकारनं आधीच जाहीर केलं होतं. निघालेल्या पाहुण्याला महिनाभर आधी निरोप दिला, त्याला अंकुश म्हणायचं? येमेनचं घ्या. २०१९ मध्ये तिथल्या युद्धातला सहभाग थांबवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत झाला, व्हेटो. २०२० मध्ये इराणबद्दल तसाच ठराव, पुन्हा व्हेटो. आजवर अडीच हजारांहून जास्त व्हेटो झाले, उलटले सव्वाशेच्या आत.

जर्सीकर यांचा मुद्दा मात्र माझ्या बाजूचाच धरतो. ठराव सहीविना लागू होणार असता, तर तो अडवायला नेतृत्वाला उघड मैदानात यावं लागलं असतं. २०२५ मध्ये दोन तृतीयांश मिळणारच नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दिवस न मोजण्याचा वात्रटपणा खपला. ज्या मतानं काही घडणारच नाही, त्यासाठी कोण आरडाओरडा करेल?

जर्सीकर

माझा मुद्दा परस्पर तुमच्या खात्यात जमा करू नका. सिनेटमधल्या ज्या मोजक्या रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं, त्यांनीही ठरावानं काही घडणार नाही हे माहीत असूनच दिलं. प्रतिनिधिगृहवाल्यांना पक्षांतर्गत निवडणुकीची भीती वाटते. तेवढी सहीची वाटत नाही.

मृण्मयी

आणि ज्या काँग्रेसला दिवस मोजायचा कंटाळा, तिच्या हातात बिनसहीचे दोनशे अधिकार परत द्यायचे?

वकीलसाहेब ठाणे

मृण्मयी +१. आडगावकर, उत्तर सावकाश द्या. मीही उद्या तारखेला पनवेलला आहे, रात्रीच बघेन.