विषय: कोल्हापूर स्टेशनचं मॉडेल १:८७ – रुळांचा घोळ

काका, सध्या मुक्काम राजारामपुरी:

नमस्कार मंडळी,

"काका, स्टेशन कुठवर आलं?" असं तिघांनी वेगवेगळं विचारलं, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितो. कोल्हापूरला येऊन दोन महिने झाले. वरच्या खोलीत आठ बाय दोन फुटांचं टेबल मांडलंय. एक प्लॅटफॉर्म झाला, दुसऱ्याचा प्लायवूड पावसानं फुगला.

आधी कबुली. अमेरिकेतून आणलेल्या कंट्रोलरचा ॲडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा होता. तसं त्यावर लिहिलंही होतं. मी चष्मा न लावता तो इथल्या २३० च्या प्लगात खोचला. दोन दिवस खोलीत वास होता. आता जुन्या बारा व्होल्ट डीसीवर गाडी पळवतोय. डीसीसीचा (एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवायच्या डिजिटल पद्धतीचा) थाट गेला, पण एकच इंजिन असलेल्या माणसाला तो हवाय कशाला?

खरा खोळंबा रुळांचा आहे. एचओचा, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेलांचा तयार रूळ १६.५ मिमीचा. दोन रुळांमधलं हे अंतर तिकडच्या १४३५ मिमीला ८७ नं भागून आलेलं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. भागून बघा, १९.२६ येतात. पावणेतीन मिमीनं काय बिघडतं, असं घरचे म्हणतात. डबा रुळावर ठेवा आणि समोरून बघा. पैलवानाला बाळाच्या पाटावर बसवल्यासारखा दिसतो. कोल्हापुरात राहून हे मला बघवेना. म्हणून रूळ हातानंच घालतोय.

मग चाकांचे ॲक्सलही लांब हवेत. त्यासाठी कारखान्यांचं उद्यमनगर गाठलं. दिवसभर पंपाचे शाफ्ट कातणारा टर्नर माझं चाक तळहातावर घेऊन म्हणाला, "काका, हे शर्टाचं बटन हाय की ओ!" खोटं नाही. डब्याचं ९१५ मिमीचं चाक आपल्या मापात साडेदहा मिमीचं होतं. पहिला ॲक्सल वाकला. दुसऱ्याला त्यानं रॉड कोलेटमधून (लेथच्या पकडीतून) जेमतेम बाहेर काढला, एवढासा कातला, पुन्हा थोडा बाहेर काढला. चहा दोनदा आला आणि दोनदा गार झाला. बिलावर 'खेळणं' लिहायला मात्र गडी तयार होईना. 'बारीक शाफ्ट, २४ नग' असं लिहिलंय. बिल जपून ठेवलंय.

खडीसाठी क्रशरची कच चहाच्या गाळणीनं चाळतो. खरी खडी पाच-सहा सेंटीमीटरची, म्हणजे आपली ०.६ ते ०.७ मिमीची. ती पसरायची आणि वरून पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडायचा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब हवाच. विसरलात तर फेव्हिकॉलचे मोती होऊन खडीवरून लोळत जातात आणि खडी तरंगत बाहेर येते. मी विसरलो होतो.

ऊस मात्र झकास जमलाय. तीन मीटरचा ऊस म्हणजे साडेतीन सेंटीमीटर. शेजारच्या वहिनी काथ्याचं पायपुसणं टाकून देत होत्या, ते मागून आणलं आणि हिरवं रंगवलं. साठ बाय चाळीस सेंटीमीटर. हिशेब केला तर अठरा गुंठे भरतात!

उरलेत दोन सांधे, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे. कोल्हापूर टर्मिनस पडल्यामुळे गाडी आली की इंजिन सोडवून बाजूच्या रुळानं दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं. सांध्यांशिवाय गाडी आली तशी अडकणार.

– काका

धाकटा, एडिसन (न्यू जर्सी):

काका, नाद खुळा! पण माझ्या पोटात गोळा आलाय. गणपतीत तुमचं स्टेशन आणि माझा रुकडीचा पूल एकमेकांना जोडायचा ठरलंय ना? माझे रूळ १६.५ चे आहेत, सगळे चिकटवून झालेत. तुमची गाडी माझ्या पुलावर चढणार कशी?

पुलाची बातमीही फार चांगली नाही. गर्डर उभे राहिले. नंतर बेसमेंट दमट असताना पंचगंगा ओतली. रेझिन सकाळपर्यंत ताकासारखं पांढरं झालं. आता खरवडू की काय करू?

वहिनी, क्रॉयडन:

मंडळ सोडून लंडनला आले तरी मेलिंग लिस्ट सोडलेली नाही, ती अशा पत्रांसाठीच.

धाकट्या, खरवडू नकोस. पावसाळ्यातली पंचगंगा पारदर्शक तू कधी पाहिलीस? गढूळ तांबूस रंगाचे दोन पातळ हात दे, वर ग्लॉस वार्निश मार. फक्त पाणी गर्डरच्या बरंच खाली ठेव. २०१९ च्या महापुरात मिरज-कोल्हापूर गाड्या बंद होत्या, ते दृश्य गणपतीत कुणाला नकोय.

काका, एवढं भागाकार करत बसलात, आधी विचारायचं तरी! इथे मॉडेलवाल्यांचा पी-फोर नावाचा पंथ आहे, त्यांचा रूळ १८.८३ मिमीचा. तुमच्या १९.२६ ला अर्धा मिमीसुद्धा कमी पडत नाही. चाकं, ॲक्सल, रूळ बसवायचे गेज, सगळं तयार मिळतं. फक्त त्या चाकांची कड इतकी नाजूक असते की रूळ जरा वाकडा पडला तरी गाडी घसरते. तुमचा प्लायवूड फुगतो म्हणताय, तेव्हा विचार करा.

मी स्वतः पळवाट काढली. माझं हातकणंगले स्टेशन मीटरगेजच्या काळातलं आहे. १८९१ पासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही लाइन मीटरगेजच होती की. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि १२ मिमीचे रूळ दुकानात मिळतात. एकही ॲक्सल कातावा लागला नाही.

आणखी एक. रूळ 'निकेल सिल्व्हर'चे, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. माझं माहेर हुपरी, पैंजणांच्या भट्टीशेजारी वाढले, त्यामुळे नावातल्या चांदीला फसले नाही. तांबं, निकेल, जस्त, बस्स. डाख देताना मात्र हुपरीची सवय सोडावी लागली. तिथे ज्योत धरून दागिना तापवतात, इथे कथलाचा डाख टेकवून सोल्डरिंग आयर्न लगेच उचलायचं. माझे रुळांखालचे नऊ प्लॅस्टिकचे स्लीपर वितळलेत.

– वहिनी

काका:

वहिनी, ते बिल मिळाल्यानंतर पी-फोर कळलं, हे माझं नशीब. टर्नरला सांगणार नाही, त्याचं मन मोडेल.

धाकट्या, तुझ्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. गाडी पुलावर चढणार नाही. आपण मध्ये मिरज बांधू. तिथे एके काळी ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइट रेल्वेचा नॅरो, असे तिन्ही गेज एकाच स्टेशनात होते आणि माणसं निमूट गाडी बदलत होती. प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला माझे रूळ, दुसऱ्या बाजूला तुझे. वहिनींनी मीटरगेजचा एखादा डबा पाठवला तर तोही उभा करू. बार्शीचे ७६२ मिमी म्हणजे पावणेनऊ, तिथे एन नावाच्या आणखी छोट्या स्केलचे ९ मिमीचे रूळ चालतात. कुणाच्या पोराचा जुना सेट पडून असेल तर कळवा.

क्रम लागतो कोल्हापूर, मिरज, रुकडी. भूगोल साफ चुकतो, रुकडी खरं तर मिरजेच्या अलीकडे, मला माहीत आहे. हातकणंगल्याच्या माणसांनी त्या दिवशी पूल बघायला मागच्या दारानं यावं.

प्लॅटफॉर्मवर डोक्यावर ट्रंका घेतलेले सहा हमाल लागतील, एकोणीस मिमी उंचीचे, लाल सदऱ्यातले. ट्रंका मी करतो, काडेपेटीच्या पुठ्ठ्याच्या. हमाल कोण रंगवतंय?