फ्रेंचमध्ये 'आ' नंतरचं सर्वनाम कुठे ठेवायचं? मदत हवी आहे

मंडळी, डेल्फ ए2 या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतेय. आव्हेक (सोबत), पूर (साठी), शे (च्या घरी), सां (शिवाय) यांच्यानंतर म्वा (मी), त्वा (तू), ल्वी (तो), एल (ती) वगैरे सर्वनामं येतात, म्हणजे 'आव्हेक म्वा' माझ्यासोबत, 'शे ल्वी' त्याच्या घरी, इथवर नीट कळलंय. सगळा घोळ 'आ' (-ला, -शी) पाशी आहे. 'ज ल्वी पार्ल' (मी त्याच्याशी बोलते) यात ल्वी क्रियापदाच्या आधी येतो आणि आ गायब, पण 'ज पाँस आ ल्वी' (मी त्याचा विचार करते) यात आ पण राहतो आणि ल्वी शेवटी जातो, शिवाय पहिल्या वाक्यातला ल्वी तिच्यासाठीही चालतो आणि दुसऱ्यात मात्र 'आ एल' म्हणावं लागतं. दोन्ही क्रियापदं आ घेणारीच ना, मग असं का? पाँसेसारखी (विचार करणे) अजून कुठली क्रियापदं आहेत, आणि नुसती यादी पाठ न करता ओळखायची काही खूण आहे का? प्लीज कोणीतरी उदाहरणं देऊन सांगा