इन्सुलिन रेझिस्टन्स: घाम गाळावा की काढा घ्यावा?

तळजाईकर
सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या वाटेवर कारल्याचा, गव्हांकुराचा रस पिऊन घरी परतणारे बरेच दिसतात. माझं मत स्पष्ट आहे, इन्सुलिन रेझिस्टन्स असेल, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला पेशी दाद देत नसतील, तर आधी चाला, वजनं उचला. जेवणानंतरच्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. इन्सुलिनला पेशी दाद देत नसल्या तरी स्नायू आकुंचन पावले की ग्लुट-४ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून सलग खाडे नकोत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे तीन हजारांवर लोक होते. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजनघट हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. असा पुरावा कुठल्या चूर्णाकडे आहे?

वैद्य नारायणपेठ
मेटफॉर्मिनचा शोधही गॅलेगा नावाच्या वनस्पतीच्या अभ्यासातूनच लागला ना? दारुहळदीतल्या बर्बेरिन या द्रव्याची मेटफॉर्मिनशी तुलना चीनमध्ये झाली, २००८ साली ती छापून आली. तीन महिन्यांत साखर जवळपास सारखीच उतरली. मेथीदाण्यातला बुळबुळीत तंतू साखर सावकाश शोषू देतो. आणि आयुर्वेद व्यायामाच्या विरोधात आहे हे कुणी सांगितलं? सुश्रुतसंहितेत निर्धन प्रमेही (मधुमेहासारखा विकार असलेल्या) रुग्णाला अनवाणी, छत्रीशिवाय शंभर योजनं, म्हणजे शेकडो मैल, चालायला सांगितलंय.

तळजाईकर
वैद्यबुवा, ती तुलना झाली अवघ्या ३६ जणांत! शिवाय गोळीत औषध किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. सुट्ट्या चूर्णात बर्बेरिन किती, हे दुकानदार तरी सांगू शकेल का? कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं, तेही विसरू नका.

वैद्य नारायणपेठ
त्या निष्कर्षावर आयुष मंत्रालयाने तेव्हाच आक्षेप घेतला होता. रुग्णांनी खाल्लेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलंच नव्हतं.

सहकारनगरची सून
तुमचं चालू द्या, पण घरात काय होतं ते सांगते. सासूबाई मधुमेहाची गोळी घेतात. शेजारणीने सांगितलं म्हणून सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस सुरू केला, गोळी होतीच. एकदा पूजेला बसल्या आणि हात थरथरायला लागले, कपाळावर दरदरून घाम. मशीनवर साखर ५४, फारच कमी. तोंडात साखर घातली तेव्हा सावरल्या. रस विकणारा कधी विचारतो का, गोळी कुठली चालू आहे?

हडपसर आयटी
वजन घटवा म्हणता, पण माझं वजन मुळात कमीच आहे, तरी उपाशीपोटीचं इन्सुलिन जास्त आलंय. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, त्या गोऱ्या डॉक्टरची ९.१. तुमचा ५८ हा आकडा अमेरिकेतला. भारतात असाच अभ्यास झाला (२००६), तेव्हा जीवनशैली बदलून घट २८.५ टक्के आली. दिवसभर खुर्चीवर आणि वर मगरपट्ट्याचं ट्रॅफिक, मी टेकडी कधी चढू?

तळजाईकर
ताई, मग तुम्हाला स्नायू वाढवणं जास्त गरजेचं. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, आठवड्यातून दोनदा बैठका, जोर. काटा हलला नाही तरी स्नायू साखर ओढतातच. आणि २८.५ हेही थोडं नाही, त्याच अभ्यासात मेटफॉर्मिनने २६.४ टक्केच घट झाली.

वैद्य नारायणपेठ
गोळीबरोबर रस घेताना विचारूनच घ्यावा, हे मीही रुग्णांना बजावतो. पण दारुहळद कुणाच्या मालकीची नाही, तिच्यावर मोठी चाचणी करायला पैसा कोण घालणार? चाचणी झाली नाही म्हणून गुण नाही, हे मला मान्य नाही.

तळजाईकर
मग सरकारने घालावा, मी स्वतः त्या मागणीवर सही करेन. पण तोवर ते चूर्ण मधुमेहावरचा इलाज म्हणून विकू नये.